दारातली मोटार

मागील दसऱ्याला आमच्या दारी मोटार आली. ‘आम्ही मोटार घेतली’ असे न म्हणता ‘आली’ असे म्हणण्याचे कारण इतकेच, की हा निर्णय आम्ही केला की आमच्याकडून करवून घेतला गेला, याचा उलगडा आम्हांस अद्याप झालेला नाही. आज ज्या बाजूला सुपर कॉरिडॉर म्हणतात, तिकडे पंचवीस वर्षांपूर्वी स्वस्तात घेऊन ठेवलेला जमिनीचा लहानसा तुकडा विकला गेला. कन्येचे लग्न पार पडलेले होते, घराचे कर्ज फिटलेले होते. अशा वेळी बंगळूरहून चिरंजीव म्हणाले, ‘‘बाबा, जन्मभर तुम्ही प्रत्येक हौस ‘पुढे बघू’ म्हणून ठेवून दिलीत. आता पुढे म्हणजे केव्हा?’’ एकसष्टाव्या वर्षी या प्रश्नाला उत्तर नसते. आम्ही गप्प बसलो आणि त्या गप्प बसण्यालाच होकार मानण्यात आले.

गाडी रामबागेतल्या आमच्या गल्लीत शिरली तेव्हा गल्ली ओट्यांवर उभी होती. सौभाग्यवतींनी बॉनेटवर कुंकवाचे स्वस्तिक काढले, चाकाखाली लिंबू ठेवले, सर्वांना पेढे दिले. समोरच्या काकूंनी मोटारीला ओवाळले आणि दोन पावले मागे सरून तिच्याकडे बघत त्या म्हणाल्या, ‘‘छान आहे हो. पण फार चकाकते.’’ त्या वाक्यातला ‘पण’ आम्हांस त्या दिवशी ऐकू आला नाही.

या जातीच्या गाड्यांना ‘स्पोर्ट्स सेदान’ म्हणतात. चार दारे, पाच माणसांची बैठक आणि मागे डिकी, अशी तिची ठेवण संसारी गृहस्थाची. इंजिन, चाके आणि वळणावरची पकड मात्र शर्यतीच्या गाडीच्या वळणाची. इंग्लंडात १९५९ साली जॅग्वारची ‘मार्क टू’ निघाली, जर्मनीत १९७५ साली बीएमडब्ल्यूची ‘थ्री सिरीज’ आली आणि हे घराणे नावारूपाला आले. आज त्यात अनेक कंपन्यांच्या गाड्या आहेत. आमची त्यांपैकीच एक. तिचे नाव सांगून जाहिरात करण्याचा आमचा विचार नाही. तिच्या इंजिनात सुमारे अडीचशे अश्वशक्ती असून उभ्या जागेवरून ताशी १०० किलोमीटरचा वेग ती सहा सेकंदांच्या आसपास गाठते. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० निघाली, तेव्हा तिची ताकद चाळीस अश्वशक्तीच्याही आत होती आणि त्या ताकदीवर अर्ध्या हिंदुस्थानने आपले संसार इकडून तिकडे नेले. मग या अडीचशेंचे रामबागेत आम्ही काय करणार होतो? हा प्रश्न विकत घेण्यापूर्वी विचारायचा असतो, हे आम्हांस मान्य आहे.

पहिली अडचण बसण्याचीच निघाली. अशा गाड्या वळणावर कलू नयेत म्हणून जमिनीलगत ठेवलेल्या असतात. आमची जुनी गाडी उभट होती. तीत माणूस खुर्चीवर बसावा तसा बसे. हिच्यात मात्र खाली उतरावे लागते. अण्णा, म्हणजे आमचे वडील, अठ्ठ्याऐंशीचे आहेत आणि त्यांचे गुडघे त्यांच्याहून जुने आहेत. पहिल्याच दिवशी दाराची कड धरून ते आत वाकले आणि म्हणाले, ‘‘अरे, मी गाडीत बसतो आहे की विहिरीत उतरतो आहे?’’ दोनचार दिवसांच्या प्रयोगानंतर रीत सापडली. आधी गाडीकडे पाठ करायची, आसनावर टेकायचे, मग डोके सांभाळून दोन्ही पाय एकदम आत घ्यायचे. उतरताना हेच उलट क्रमाने. शिवाय एका बाजूने सौ.चा हात आणि दुसऱ्या बाजूने आमचा खांदा.

दुसरी अडचण शांततेची. चौकात गाडी थांबली की पेट्रोल वाचावे म्हणून इंजिन आपोआप बंद होते आणि ब्रेकवरचा पाय उचलला की पुन्हा सुरू होते. हे आम्हांस सांगितलेले होते; परंतु पलासियाच्या चौकात पहिल्यांदा ते घडले तेव्हा आमच्या पोटात गोळा आला. चाळीस वर्षे ज्या माणसाने भर चौकात बंद पडलेली वाहने ढकलली आहेत, त्याला इंजिनाच्या गप्प बसण्यात काटकसर दिसत नाही, संकट दिसते. तीच गत चाकांची. हवा गेली तरी ही चाके साधारण ताशी ८० किलोमीटरच्या आत आणखी ८० एक किलोमीटर चालू शकतात, म्हणून डिकीत स्टेपनीच नाही. स्टेपनीवाचून घराबाहेर पडणे हे आम्हांस पंचा न घेता नदीवर जाण्यासारखे वाटते.

तिसरी अडचण आमच्याच हातची होती. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गोल पाठीचा गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असावा; त्यावरून ताशी २५ किलोमीटर वेगाने सुखाने जाता यावे, हा हेतू. आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेला गतिरोधक या शास्त्रात बसत नाही. सात वर्षांपूर्वी एका मोटारसायकलने गल्लीतल्या मुलाला पाडले. तेव्हा कोपऱ्यावरच्या घराच्या स्लॅबमधून उरलेला माल ओतून तो एका रात्रीत घातला गेला. तो अरुंद आहे, उंच आहे आणि एखाद्या कुंपणासारखा आहे. त्याची वर्गणी गोळा करणारे आम्हीच होतो. आता त्यावरून जाताना आम्हांस गाडी तिरकी घ्यावी लागते, एकेक चाक गोगलगाईच्या गतीने वर चढवावे लागते, आणि तरीही पोट टेकले की तो आवाज थेट आमच्या काळजात उमटतो.

परंतु खरी अडचण चौथी होती, आणि ती समजायला तीन महिने लागले.

या गाडीच्या पुढे आणि मागे बटणाएवढे गोल डोळे बसवलेले आहेत. माणसाला ऐकू न येणारा आवाज ते सोडतात, आणि तो समोरच्या वस्तूवर आदळून परत यायला किती वेळ लागला, यावरून अंतर मोजतात. अंतर कमी होऊ लागले की आत टिकटिक सुरू होते. वस्तू वीतभर-हातभर उरली की ती टिकटिक अखंड किंकाळी होते. उघड्या पटांगणात ही मोठी सोय आहे. आमची गल्ली मात्र दोन्ही बाजूंचे ओटे सोडले तर जेमतेम साडेतीन मीटर. तिथे मास्तरांची सायकल आहे, तुळशीच्या कुंड्या आहेत, एक गाय आहे आणि संध्याकाळी क्रिकेट आहे. पहिल्या ओट्यापाशी सुरू झालेले रडगाणे आमच्या फाटकापर्यंत थांबत नसे. अण्णांनी एकदा विचारले, ‘‘ही का रडते रे?’’

‘‘काही फार जवळ आलं की वाजते, अण्णा.’’

‘‘मग या गल्लीत हिचं कसं व्हायचं?’’

आम्ही हसलो. ती हसण्याची गोष्ट नव्हती.

गाडीचे सुखही खोटे नव्हते, ते लपविण्याचे कारण नाही. मार्गशीर्षात अण्णांना नर्मदेचे दर्शन घडवावे म्हणून आम्ही महेश्वरला निघालो. महू मागे पडले, मानपूरचा घाट उतरून निमाडात शिरलो, धामणोदच्या अलीकडे रस्ता मोकळा सापडला आणि आम्ही उजवा पाय किंचित दाबला. जे घडले त्याला वेग म्हणणे पुरेसे नाही. जन्मभर बैलगाडीला जुंपलेल्या माणसाला घोड्याच्या पाठीवर बसविल्यासारखे झाले. आणि आश्चर्य असे, की त्या वेगात अण्णा शांत झोपले होते. देवी अहिल्याबाईंच्या घाटावर, पाण्याला हात लावून ते म्हणाले, ‘‘गाडी चांगली आहे. हाडं कुठंच बोलली नाहीत.’’ आम्ही कृतार्थ झालो. परतताना मात्र सौ. एकदम म्हणाली, ‘‘अहो, महेश्वरला आपण एवढी माणसं घेऊन कधी गेलो होतो का?’’

‘‘एवढी म्हणजे? तिघेच तर आहोत.’’

‘‘तेच म्हणते मी.’’

आमच्या उभट गाडीतून महेश्वरला जाताना काकू असत, मास्तर असत, कोणाच्या तरी मांडीवर कोणाचे तरी मूल असे आणि दशम्यांचा डबा पायांत असे. या वेळी मागल्या आसनावर अण्णा आणि एक थर्मास होता. कोणी येऊ म्हणाले नव्हते. आम्हीही विचारले नव्हते.

आमचे आजोबा होळकर दरबारात कारकून होते. महाराज यशवंतराव होळकर, म्हणजे दुसरे यशवंतराव, यांना मोटारींचा मोठा शौक. १९३६ च्या सुमारास त्यांच्यासाठी अमेरिकेतल्या ड्यूसेनबर्ग कंपनीच्या सांगाड्यावर लंडनच्या गर्नी नटिंग या कारागिरांनी गाडी बांधली; तिचा रंग नारिंगी आणि काळा. तिच्या पुढच्या अंगाला एक लाल आणि एक निळा दिवा होता, आणि कोणता लागला आहे यावरून आत महाराज आहेत की महाराणी हे रस्त्यावरच्याला कळे, असे सांगतात. आजोबा अशा गाड्यांच्या गोष्टी रंगवून सांगत. मात्र त्यांच्या प्रत्येक गोष्टीत ते स्वतः रस्त्याच्या कडेला उभे असत. राजाच्या गाडीला ते शोभते. तिला लोकांनी वाट द्यायची असते, तिच्यात बसायचे नसते. गल्लीतल्या गाडीची रीत निराळी आहे, हे आम्ही विसरलो होतो.

जुन्या गाडीच्या टपावर काकू सांडग्यांची ताटे वाळत घालीत. तिच्या डिकीतून दरवर्षी चार घरांचे गणपती येत. तिने गल्लीतल्या दोन बाळंतिणी रुग्णालयात पोहोचविल्या, मास्तरांच्या नातीला बोर्डाच्या परीक्षेला सोडले, आणि कोणाचे पाहुणे स्टेशनवरून आणावयाचे झाल्यास आम्हांस विचारण्याऐवजी कळविले जाई. नवी गाडी आल्यावर हे सारे थांबले. मुलांनी क्रिकेट पलीकडच्या मोकळ्या जागेत नेले. मास्तरांनी सायकल घरात घ्यायला सुरुवात केली. सकाळी निगमच्या कचरागाडीचे गाणे ऐकू आले, की गाडीला धक्का लागू नये म्हणून शेजारी आपापल्या बादल्या घेऊन कोपऱ्यापर्यंत चालत जाऊ लागले. २०१७ पासून लागोपाठ अनेक वर्षे स्वच्छतेत देशात पहिल्या आलेल्या या शहरात कचरागाडी दारापर्यंत येते, याचा सर्वांना अभिमान. आमच्या गल्लीने तोही आमच्या मोटारीसाठी बाजूला ठेवला. हा सारा मान आहे असे आम्ही समजलो. आणि खरे सांगावयाचे तर तो आम्हांस आवडत होता.

याहून एक वाईट गोष्ट सांगावयाची आहे. दिवाळीनंतर एका सकाळी काकूंच्या सात वर्षांच्या नातवाने गाडीच्या धुळकट दारावर बोटाने गणपती काढला होता. सुरेख काढला होता. सोंड डावीकडे वळलेली, कान सुपाएवढे. आम्ही ‘‘अरे, ओरखडे पडतात!’’ असे ओरडलो आणि त्याच्या देखत फडक्याने तो पुसून टाकला. मूल काही बोलले नाही. घरात निघून गेले. आम्हीही ते विसरलो.

पौषात एका सकाळी दूध घ्यायला फाटक उघडले, तर काकूंच्या दाराला कुलूप. मास्तर ओट्यावर शाल पांघरून बसले होते, डोळे तारवटलेले. रात्री दोन वाजता काकूंच्या पोटात कळ उठली, उलट्या सुरू झाल्या. मुलगा कामानिमित्त पुण्याला. घरात सून आणि नातू. सुनेने मास्तरांना उठविले. पंचाहत्तरीचा तो माणूस कडाक्याच्या थंडीत रिक्षा शोधत मोठ्या रस्त्याने सराफ्याच्या दिशेने निघाला, कारण तिकडे रात्री उशिरापर्यंत वर्दळ असते. रिक्षा मिळून काकू रुग्णालयात पोहोचेपर्यंत तास गेला. पित्ताशयात खडे होते. शस्त्रक्रिया करावी लागणार होती. जीव वाचला.

काकूंचे दार आमच्या दारापासून सहा पावलांवर आहे. त्या सहा पावलांवर, कापडी आच्छादनाखाली, अडीचशे अश्वशक्ती रात्रभर उभी होती.

‘‘मास्तर, आम्हांला हाक का नाही मारलीत?’’

मास्तरांनी खाली बघितले. ‘‘भाऊसाहेब, सूनबाई निघालीच होती तुमच्याकडे. काकूंनीच थांबवलं. म्हणाल्या, पोराचं बोट लागलं तर त्याला सोसलं नाही, आणि मी तर ओकते आहे.’’

आम्ही दुधाचे भांडे घेऊन आत आलो. सौ.ने आमच्या तोंडाकडे बघून काही विचारले नाही. अण्णांनी मात्र सारे ऐकले होते. त्यांची खोली गल्लीच्या बाजूला आहे. ते रागावतील असे वाटले. ते रागावले नाहीत. बराच वेळ अडकित्त्याशी चाळा करून ते म्हणाले, ‘‘गाडी लहान होती तेव्हा लोक येऊन मागत होते. आता मागायचे नाहीत. आता तू जाऊन विचारायचं.’’

चौथ्या दिवशी काकूंना घरी सोडणार होते. त्यांच्या सुनेला न विचारता आम्ही उभयता नातवाला पुढे बसवून रुग्णालयाच्या दारी जाऊन उभे राहिलो. काकू चाकाच्या खुर्चीतून बाहेर आल्या. मोटार पाहून त्यांनी सुनेच्या हातातल्या पिशवीतून जुनी चादर काढली आणि आसनावर अंथरू लागल्या. आमच्या घशात काही अडकल्यासारखे झाले; शब्द फुटेना. ते काम सौ.ने केले. ‘‘काकू, चादर राहू द्या. थंडी आहे, अंगावर घ्या.’’ त्यांनी सौ.कडे पाहिले, मग आमच्याकडे पाहिले आणि चादर अंगाभोवती लपेटली. अण्णांवर शिकलेली रीत उपयोगी पडली: आधी पाठ, मग टेकणे, मग दोन्ही पाय एकदम. पुढचे आसन आम्ही मागे कलते केले आणि ऊब देणारे बटण दाबले. हे बटण आम्ही विकत घेतले तेव्हा इंदूरच्या हवेत त्याचा काय उपयोग, म्हणून हसलो होतो.

‘‘अरे बाळ, पाठ शेकते आहे रे,’’ काकू म्हणाल्या. ‘‘बरं वाटतं.’’

माहीत असलेला प्रत्येक खड्डा चुकवीत आम्ही रामबागेत आलो. तिच्या आयुष्यात ती गाडी इतकी हळू चालली नसेल. गतिरोधकावर तिरकी घेतली. एक चाक, मग दुसरे. काकूंच्या टाक्यांना धक्का बसला नाही. गाडीचे पोट टेकले, तो आवाजही झाला, परंतु त्या दिवशी तो आमच्या काळजापर्यंत पोहोचला नाही. गल्लीत शिरलो आणि टिकटिक सुरू झाली.

‘‘हे काय वाजतंय?’’ काकूंनी विचारले.

‘‘जवळ आलो, म्हणून वाजते काकू.’’

‘‘घर जवळ आलं हे तिला कळतं?’’ त्या डोळे मिटून म्हणाल्या. ‘‘शहाणी आहे.’’

आम्ही त्यांची समजूत दुरुस्त केली नाही.

त्यानंतर सारे पूर्वीसारखे झाले, असे लिहिले तर ते खोटे होईल. सांडग्यांची ताटे हिच्या टपावर राहत नाहीत; तो मागे उतरता आहे, काकूंनी स्वतः येऊन खात्री करून घेतली. मास्तरांना आत बसण्याची रीत अजून साधत नाही. दर वेळी त्यांची टोपी दारात अडकते. सायकलच्या हँडलाने मागच्या दारावर एक ओरखडाही ओढला आहे, आणि तो पाहून आम्हांस काहीच वाटले नाही असे म्हणण्याइतके आम्ही अद्याप मोठे झालेलो नाही. परंतु आच्छादन काढून टाकले आहे, डिकीत एक चादर आणि रबरी चटई कायमची ठेवली आहे, आणि रात्री झोपण्यापूर्वी किल्ली कपाटात न ठेवता दाराजवळच्या खिळ्याला लावतो. खिळा कुठे आहे हे गल्लीतल्या तीन घरांना जाऊन सांगून आलो. येत्या भाद्रपदात गणपती आणावयाचे आहेत. चार घरांची नावे आताच आली आहेत.

गेल्या आठवड्यात धुळीचा वारा सुटला होता. सकाळी पाहतो तो डाव्या दारावर पुन्हा गणपती! कान तसेच सुपाएवढे. सोंड मात्र या वेळी उजवीकडे. आम्हांस भोपाळला कामासाठी निघावयाचे होते. सौ. फडके घेऊन आली.

‘‘अहो, दार पुसायचं राहिलं.’’

‘‘उजव्या सोंडेचा आहे,’’ आम्ही म्हणालो. ‘‘फार कडक सोवळ्याचा. त्याला हात लावायचा नाही.’’

ओट्यावरून कोणीतरी फिदीफिदी हसले. आम्ही तसेच भोपाळला गेलो.